जेडीला एमबीए जोडायची हौस कशाला?

पैलतीर
अमेरिकेत लॉ स्कूलला निघालेल्या हुशार मुलांकडून हल्ली ‘नुसती जेडी (तिथली वकिलीची पदवी) कशाला, सोबत एमबीएही करतो’ हे फार ऐकू येतं. माझं स्पष्ट मत: ज्याला खरंच वकिली करायची आहे त्याने या भानगडीत पडू नये.

जेडी तीन वर्षांची, एमबीए दोन वर्षांचं. जोडून केलं की बहुतेक ठिकाणी चार वर्षांत उरकतं आणि सगळे म्हणतात, एक वर्ष वाचलं. वाचलं कुठे? वकील व्हायला निघालेल्याचं एक वर्ष गेलं! बड्या फर्ममध्ये नव्या वकिलाचा पगार २,२५,००० डॉलर आहे. तो बुडाला, वर एका वर्षाची जास्तीची फी. आणि तिथे पगार ठरतो तो जेडी कोणत्या साली झाली त्यावरून. एमबीएचे वेगळे पैसे देणाऱ्या फर्म्स विरळाच.

अमेरिकेतले राजकारणी मिट रॉम्नी यांनी १९७५ साली हार्वर्डमधून दोन्ही पदव्या घेतल्या आणि वकिली न करता थेट सल्लागार कंपनीत गेले. मग कायदा शिकले कशाला?

खडूस वकील
ताई, रॉम्नींचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. दोन दारं उघडी होती, त्यांनी एक निवडलं. तक्रार कसली?

आता ते एक वर्ष वाचतं कसं ते बघा. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानुसार जेडीला किमान ८३ क्रेडिट लागतात, त्यातली किमान ६४ वर्गात शिकवलेल्या कायद्याच्या विषयांची. उरलेल्यांत बिझनेस स्कूलचे विषय मोजता येतात. तिसऱ्या वर्षाला लॉ स्कूलची मुलं काय करतात हे ठाऊक असलेल्या कुणालाही हा सौदा वाईट वाटणार नाही. निम्मा वर्ग नोकरी पक्की करून टिवल्याबावल्या करत असतो.

दुसरं म्हणजे उन्हाळे, म्हणजे सुट्टीत एखाद्या ठिकाणी काम करून बघायची संधी. तीन वर्षांच्या जेडीत दोनच मिळतात. फर्म्सची भरती आता इतकी अलीकडे सरकली आहे की पहिलं वर्ष धड संपत नाही तोच दुसऱ्या उन्हाळ्याची जागा ठरते. चार वर्षांत तीन उन्हाळे. एक फर्ममध्ये, एक बँकेत घालवा आणि मग ठरवा. कंपन्यांच्या विलीनीकरणाचं काम करणाऱ्याला समोरच्या बँकरची भाषा कळली, तर तेही काही कमी नाही.

पैलतीर
ताळेबंद वाचायला दोन वर्षांचं एमबीए? लॉ स्कूलमध्येच वकिलांसाठीचा अकाउंटिंगचा एक विषय घ्या की!

खडूस वकील
वर्षाचंच दुःख असेल तर नॉर्थवेस्टर्नमध्ये दोन्ही मिळून तीन वर्षांत होतं.

पैलतीर
होतं, पण श्वास घ्यायला वेळ राहत नाही. शिवाय मग तुमच्या त्या तिसऱ्या उन्हाळ्याचं काय झालं, वकीलसाहेब?

रिकामटेकडी
दोघेही पैशाचं बोलताय पण कर्जाचं कुणीच बोलत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचं सरकारी ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. त्यापुढे व्यावसायिक पदवीला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर, तर इतर पदव्युत्तर पदवीला वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर अशी मर्यादा. कायद्याची पदवी पहिल्या गटात. नामांकित लॉ स्कूलची फीच वर्षाला ७०,००० च्या वर असते, राहण्या-जेवणाचं वेगळंच. म्हणजे वरचं सगळं खाजगी कर्ज, आणि ते चौथ्या वर्षासाठीही. जोडपदवीत कोणत्या वर्षी कोणती मर्यादा धरणार, हे फी भरण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या. आणि भारतातून जाणाऱ्यांनो, सरकारी कर्ज तुम्हाला तसंही मिळत नाही.

खडूस वकील
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. खाजगी कर्ज काढून चौथं वर्ष करा असं मीही कुणाला सांगणार नाही. शिष्यवृत्ती असेल तर गोष्ट वेगळी.

दुपारचा चहा
तुम्ही सगळे एमबीएवरच का अडकलात? औषधांच्या पेटंटचं काम करायचं तर जीवशास्त्रातली पीएचडी असलेल्या वकिलाला फर्म्स शोधत येतात. लॉ स्कूलमध्ये शिकवायचं असेल तरी नव्या प्राध्यापकांत पीएचडीवाले भरपूर दिसतात. तिथे दुसरी पदवी हौस म्हणून नसते, तिच्याशिवाय काम अडतं. सार्वजनिक आरोग्य किंवा समाजकार्याचंही तेच, फक्त तिथे पगार बघून रडू येतं.

पैलतीर
चहावाले, यावर माझा आक्षेपच नाही. पेटंट कार्यालयापुढे काम करायला जी पेटंट बारची परीक्षा द्यावी लागते, तिला बसायलाच विज्ञान किंवा तंत्रज्ञानाची पार्श्वभूमी लागते. मी बोलतेय ते ‘असावं आपलं जवळ’ म्हणून एमबीए करणाऱ्यांबद्दल.

नवशिका
भारतात असं करता येतं का? २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली ना?

खडूस वकील
दिली, पण एलएलबीला बार कौन्सिलचे २००८ चे नियम लागतात आणि त्यात एलएलबीसोबत दुसरी नियमित पदवी करायला मनाई आहे. दूरशिक्षणाला सवलत आहे. बीए एलएलबीसारखे एकत्रित पाच वर्षांचे अभ्यासक्रम वेगळे, ते मुळातच एक म्हणून आखलेले असतात. सविस्तर बोलायचं तर वेगळा धागा काढ बाबा, इथे ताई अजून तिसऱ्या उन्हाळ्याचा हिशेब मागतायत.

पैलतीर
मागतेच आहे.