मदत हवी आहे: ‘गेम ऑफ थ्रोन्स’विषयीचे खरे ठरलेले आणि फसलेले तर्क

नमस्कार. कादंबऱ्यांवर आधारित ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी पुढील कथानकाविषयी बांधलेल्या तर्कांवर मी लेख लिहीत असून एका मुद्द्यावर अडलो आहे. नेडचा अनौरस मुलगा समजला जाणारा जॉन स्नो हा खरे तर नेडची बहीण लियाना आणि राजपुत्र ऱ्हेगार यांचा मुलगा असावा, हे वाचकांनी १९९६च्या पहिल्या कादंबरीतील नेडच्या आठवणींवरून, म्हणजे रक्ताने माखलेली शय्या, निळे गुलाब आणि मरणाऱ्या बहिणीने घेतलेले वचन यांवरून ताडले होते, आणि २०१६ मध्ये मालिकेने ते खरे ठरवले. इतके बारकाईने वाचणाऱ्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. मात्र राणी सर्सीचा जीव ‘धाकटा भाऊ’ घेईल, हे २००५च्या कादंबरीतले भाकीत मालिकेने २०१५ मध्ये भविष्य सांगणारीच्या दृश्यातून वगळले, तरीही तिच्या मागोमाग जन्मलेला जुळा भाऊ जेमीच तिला मारणार असे अनेकजण शेवटपर्यंत छातीठोकपणे सांगत होते. प्रत्यक्षात २०१९ मध्ये दोघे एकमेकांच्या मिठीत, कोसळत्या राजवाड्याखाली गेले.

माझा प्रश्न असा की, पटकथाकारांनी गाळलेली ओळ हाच पुढच्या घटनेचा पुरावा मानावा का? केवळ पडद्यावरील दृश्यांवरून बांधलेला आणि पुढे खरा ठरलेला एखादा तर्क आपल्याला आठवत असल्यास, कृपया भागाच्या उल्लेखासह कळवावा.