टायटॅनियमच्या चकत्यांवर पाण्याचा थेंब पसरेनासा झालाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी धातुशास्त्राची विद्यार्थिनी. दातांच्या इम्प्लांटच्या (दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या धातूच्या स्क्रूच्या) पृष्ठभागावर प्रकल्प चाललाय आणि ऐन मोक्याच्या वेळी माशी शिंकलीय.

ग्रेड ४ टायटॅनियमच्या दांड्यातून चकत्या कापून घेतल्या. निम्म्या लेथवरून आल्या तशाच ठेवल्या. उरलेल्यांवर ॲल्युमिनाचे ०.२५ ते ०.५ मिमीचे कण मारले आणि मग गरम हायड्रोक्लोरिक-सल्फ्युरिक ॲसिडच्या मिश्रणात एचिंग केलं, म्हणजे ॲसिडने पृष्ठभाग खाऊ दिला. खडबडीतपणा दीड मायक्रॉनच्या आसपास आला, म्हणजे हाडाला मानवणाऱ्या १ ते २ मायक्रॉनच्या टप्प्यात. इथवर सगळं छान.

एचिंग झाल्या झाल्या एक चकती धुतली आणि तिच्यावर सिरिंजने थेंब सोडला. टेकला आणि गेलाच, टिपकागदावर पडावा तसा. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते तो मोजायला काही उरलंच नाही. बाकीच्या धुऊन, वाळवून झिपच्या प्लास्टिक पिशव्यांत ठेवल्या. बारा दिवसांनी काढल्या तर त्याच घाण्यातल्या चकत्यांवर थेंब अळवावरच्या पाण्यासारखा गोल! लेथवरच्या चकत्यांत मात्र एवढा फरक नाही.

सर म्हणतात, खडबडीतपणा तोच आहे ना, मग पुढे जा. दातांच्या आधुनिक इम्प्लांटचे जनक ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेले इम्प्लांट लेथवरचेच होते, त्यांनाही हाडाने धरलंच की. मुद्दा खोडता येत नाही, पण पटतही नाही. आता यांवर हाड तयार करणाऱ्या पेशी वाढवायच्या आहेत. पृष्ठभाग रोज बदलत असेल तर मी नक्की कशाची तुलना करतेय? हे कशामुळे होतंय आणि चकत्या ठेवायच्या कशा?

प्रतिसाद १
तुमच्या चकत्या 'म्हाताऱ्या' झाल्या. टायटॅनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो. ताजा असताना तो पाणी ओढतो, पण हवेतले हायड्रोकार्बनही तितक्याच हावरेपणाने ओढून घेतो. त्यांचा तेलकट पापुद्रा बसला की पाणी लांब. खडबडीतपणा मूळ स्वभाव वाढवून दाखवतो: ताज्या चकतीवर थेंब जास्त पसरतो, मळक्या चकतीवर जास्त उभा राहतो. लेथवरच्याही मळल्यात, फक्त दिसत नाही. आणि प्लास्टिकची पिशवी म्हणजे आगीत तेल, तिच्यातूनही वाफा येतात.

एचिंगनंतर वाळवूच नका. शुद्ध पाण्याने धुऊन थेट ०.९ टक्के सलाइनमध्ये, काचेच्या बंद बाटलीत ठेवा. जमलं तर हवा लागू नये म्हणून नायट्रोजन वायूखाली धुवा. कोन मोजण्याआधी पुन्हा विसळा, नाहीतर मिठाचे स्फटिकच मोजाल. जुन्या चकत्या टाकू नका, अतिनील किरणांनी किंवा प्लाझ्माने (विजेने भारलेल्या वायूने) त्या पुन्हा ताज्या होतात.

प्रतिसाद २
मी दंतवैद्य. तुमचे सर अर्धे बरोबर आहेत. शेवटी हाड दोन्हींना धरतं, प्रश्न पहिल्या काही आठवड्यांचा असतो. बसवताना मिळालेली घट्ट पकड साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सैल होते, कारण जुनं हाड झिजत असतं आणि नवं पुरेसं भरलेलं नसतं. पाणी ओढणारा पृष्ठभाग तिथे कामी येतो. रक्ताची गुठळी खडबडीत भागाला घट्ट धरून राहते आणि पेशी तिच्या धाग्यांवरून थेट धातूपर्यंत पोचतात. तेव्हा पेशींची वाढ पहिल्या दिवसांतच मोजा. उशिरा मोजलीत तर दोन्ही सारख्या दिसतील आणि सर जिंकतील.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! सहा जुन्या चकत्या अतिनील दिव्याखाली ठेवल्या होत्या, आज चारांवर थेंब पुन्हा सपाट झाला. उरलेल्या दोन दिव्याच्या कडेला होत्या, त्या उद्या मध्ये सरकवते. एकच विचारायचं राहिलं: पेशींआधी निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेचं यंत्र) चालेल का?

प्रतिसाद १
टाळा. वाफेतूनही मळ बसतो, सगळी मेहनत पाण्यात जाईल. गॅमा किरणांची सोय होते का बघा.