मैत्रीण एकच असली तर 'कुडो' लिहायचं का?

पांदणरस्ता:
नमस्कार मंडळी. आर्णी तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे. सातवीचं इंग्रजी माझ्याकडेच. शिष्यवृत्तीचा निकाल लागला तेव्हा ग्रुपवर साहेबांचा मेसेज पडला, 'कुडोज टू ऑल'. मी तो वाचून दाखवला, तर खिचडीवाल्या मावशी म्हणतात, "काय जी गुरुजी, कुडा कोनाले पाजाचा हाय?" आमच्याकडे पोराला हगवण लागली की कुड्याची साल उगाळून देतात, त्यांचा काय दोष!

शब्द फळ्यावर लिहिला, अभिनंदन करताना वापरतात एवढं सांगितलं. आता चाचणीत अभिनंदनाचं पत्र होतं. एका पोरीनं लिहिलं, 'कुडो टू यू'. विचारलं तर म्हणते, "सर, मैत्रीण एकच आहे न जी." अनेकवचनाला 'स' लावायचा हे मीच शिकवलेलं. चूक धरू का? आणि हा शब्द आला कुठून? 'कुडोज' की 'क्यूडॉस'?

मोर्शीकर:
शब्द ग्रीक, मूळ उच्चार 'कूदोस'च्या जवळचा. होमरच्या 'इलियड'मध्ये लढाईत देव ज्याच्या बाजूनं, त्याला मिळणारं तेज म्हणजे हे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ब्रिटिश विद्यापीठांतल्या पोरांनी ग्रीक शिकता शिकता तो आपल्या बोलीत घेतला. तेव्हा अर्थ होता नाव, प्रतिष्ठा. 'शाबासकी' हा अर्थ 1920 च्या दशकातला. पुढे शेवटचा 'स' लोकांना अनेकवचनाचा वाटला आणि 'कुडो' निघाला. कडक शब्दकोशवाले त्याला नाक मुरडतात. ब्रिटिश 'क्यूडॉस' म्हणतात, अमेरिकन बहुधा 'कूडोज'.

जुना_विद्यार्थी:
मोर्शीकरांच्या पुढचं सांगतो. तो 'स' म्हणजे आपल्या संस्कृत 'यशस्', 'मनस्' मधला 'स्'. ग्रीकमधली ही नपुंसकलिंगी नामं आणि संस्कृतची 'स्' कारान्त नामं एकाच घराण्यातली. होमरकडे कीर्तीला दुसरा शब्द आहे 'क्लेओस', तो तर थेट वेदातला 'श्रवस्'. होमर 'क्लेओस आफ्थिटोन' म्हणतो आणि ऋग्वेदात 'श्रवः' आणि 'अक्षितम्' एकाच ऋचेत येतात. दोन्हींचा अर्थ न सरणारी कीर्ती. 1853 मध्ये कून नावाच्या जर्मन पंडितानं ही जोडी दाखवली.

आणि आपण मराठीत काय केलं? 'यशस्' चा 'स्' टाकून 'यश' केलं, 'मनस्' चं 'मन'. इंग्रजांनीही केलंय. वाटाण्याला आधी एकवचनातच 'पीझ' म्हणत, शेवटचा 'झ' अनेकवचनाचा समजून 'पी' उरवला. तो 'पी' आज शाळेच्या पुस्तकात आहे.

वऱ्हाडी_ठेचा:
म्हंजे 'पी' पास अन् 'कुडो' नापास? पोरीनं नियम तर बराबर लावला न बाप्पा! साहेबाले इचारा, त्याईले तरी मालूम हाय का हे एकवचन हाय म्हून.

मोर्शीकर:
ठेचाभाऊ, पुढे जिल्ह्याच्या परीक्षेत तपासणारा दुसरा असणार. तिथे 'कुडो' कापलाच जाईल. गुण देऊन टाका गुरुजी, पण शेरा लिहा.

पांदणरस्ता:
गुण पूर्ण दिला, बाजूला लाल शाईनं 'स' लिहिला. फळ्यावर उद्या 'यशस्' आणि 'कुडोस' शेजारी-शेजारी मांडतो. साहेबांना विचारायचं काम ठेचाभाऊंकडे, मला बदली नको आहे.