जुन्या फोनवर लिनिएजओएस टाकणं शहाणपणाचं आहे का?

धंतोलीकर: माझा 2019 चा फोन, स्क्रीनवर एक चरा नाही, पण कंपनीने अपडेट कधीचेच बंद केले. मागच्या महिन्यात बर्डीवर बॅटरी बदलली, दुकानातल्या पोराने मागचं कव्हर गरम करून प्लास्टिकची पातळ पट्टी कडेकडेने फिरवली अन् पंधरा मिनिटांत फोन हातात दिला. मग रविवारी घरी बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टम सुरू करणारा प्रोग्राम, कंपनी त्याला कुलूप लावून देते) अनलॉक करून लिनिएजओएस टाकलं, म्हणजे कंपनीच्या सिस्टमऐवजी अँड्रॉइडवरच बनलेली मोफत सिस्टम (यात फोनमधलं सगळं उडतं, बॅकअप आधी घ्या!). 2016 च्या शेवटी सायनोजेनमॉड नावाची तशीच जुनी सिस्टम बंद पडली तेव्हा त्यातूनच हे निघालं, अजून चालू आहे. आता नको ते एकही अ‍ॅप नाही. फोन माझ्या पैशाचा आहे, त्यात काय ठेवायचं ते मीच ठरवणार. तुमचं मत सांगा.

महाल_440032: भाऊ, बोलणं पटते, पण युपीआयचं काय? मीही टाकलं होतं. बँकेचं अ‍ॅप उघडलं की डिव्हाइस सुरक्षित नाही म्हणे अन् बंद. गूगलचं प्ले इंटिग्रिटी (फोन भरवशाचा आहे का हे तपासणारी सोय) अनलॉक बूटलोडर दिसला की नापास करते, अ‍ॅपवाले तेच पाहतात. सकाळी तर्री पोहे खाल्ले, स्कॅनरसमोर उभा, खिशात सुट्टे नाही, मागे लोकं थांबून राहिले. त्या दिवसापासून तो फोन फक्त गाणे ऐकायले ठेवला. इथे चहापासून ऑटोपर्यंत सगळं क्यूआरवर होऊन राहिलं, फोन त्याच्यासाठीच तर लागते.

धंतोलीकर: मग चूक कोणाची? चार वर्षं एकही पॅच (सुरक्षेचं अपडेट) न मिळालेला कंपनीचा फोन त्यांना चालतो अन् याच महिन्याचा पॅच असलेला माझा नाही. याला सुरक्षा म्हणत नाहीत. नंबरवर पैसे पाठवायचे तर मी *99# (इंटरनेटशिवाय डायल करून चालणारी बँकेची सेवा) वापरतो, क्यूआरसाठी नोटा ठेवतो.

नंदनवन_ताई: दादा, पॅच अर्धेच असतात हे पण सांगा ना. लिनिएजवाले अँड्रॉइडचे देतात, मोडेम अन् चिपचं फर्मवेअर (त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर) कंपनीकडूनच येतं, ते जुनंच राहतं. शिवाय बूटलोडर उघडा म्हणजे फोन चोराच्या हाती लागला तर तो त्यात वाट्टेल ती सिस्टम टाकू शकतो. ग्राफीनओएस नावाच्या दुसऱ्या सिस्टममध्ये बूटलोडर परत लॉक करता येतो, पण ती फक्त गूगलच्या पिक्सेल फोनवर चालते. स्वतःच्या फोनवर खुशाल करा, आईबाबांच्या फोनला हात लावू नका, त्यांची पेन्शन त्यात येते.

लिनक्सप्रेमी_नागपूर: मी तर म्हणतो अँड्रॉइडच कशाला, फोनसाठीचं लिनक्स म्हणजे पोस्टमार्केटओएस बघा, 2017 पासून चालू आहे, फोन दहा वर्षं टिकावा हाच हेतू.

महाल_440032: अन् त्याच्यावर व्हॉट्सअ‍ॅप नीट चालते का? कॉलेजचे सगळे ग्रुप तिथेच आहेत. कितीक मॉडेलवर तर कॉलच धड लागत नाही.

धंतोलीकर: ताई, फर्मवेअरचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं. पण न दिलेल्या पॅचपेक्षा अर्धे पॅच बरे, अन् चांगला फोन ई-कचऱ्यात टाकायला माझा हात होत नाही. महालवाले भाऊ, तुमचा तो गाण्यांचा फोन कोणता? मॉडेल नंबर टाका, एकाच नावाचे दोन-तीन प्रकार असतात अन् चुकीची फाइल टाकली की फोन चालूच होत नाही.