लॉबीच्या टाइल्स आणि मसावि (बी विंग ग्रुप)

बी-४०२: लॉबी आतून ८४० बाय ६६० सेंमी भरली. मिस्त्री म्हणतो दोन बाय दोन फुटांची, म्हणजे ६० सेंमीची टाइल घ्या, कापाकापी नको. बरोबर आहे का?

ए-१०१: मसावि (महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे दोन्हींना भाग जाणारी सर्वांत मोठी संख्या) काढा, लगेच कळेल.
८४० = २×२×२×३×५×७
६६० = २×२×३×५×११
दोन्हीकडे दोन २, एक ३, एक ५. गुणाकार ६०. अख्खी बसणारी सर्वांत मोठी चौरस टाइल ६०चीच. १४×११ = १५४ नग.

बी-४०२: ताई, ८४० मध्ये २ तीनदा आहे, मग दोनच का धरले?

ए-१०१: कारण ६६० मध्ये दोनच आहेत. ज्याच्याकडे कमी, तेवढेच सामाईक. तिन्ही २ घेतले आणि ७, ११ पण ओढले तर ९२४० येतं, तो झाला लसावि (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दोन्हींनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या). मसावि कधीच लहान संख्येपेक्षा मोठा येत नाही, आला तर चूक तिथेच धरा.

सी-७०३: मुलाने १८२ आणि १९५ चा मसावि १ लिहिलाय. १८२ = २×९१, १९५ = ३×५×१३. काय चुकलं?

ए-१०१: ९१ मूळ संख्या समजला 😄 ९१ = ७×१३. मसावि १३. ५१, ५७, ८७ पण अशाच फसव्या, तिघींना ३ ने भाग जातो. अंकांची बेरीज केली की कळतं, ९१ ला मात्र ती कसोटी लागत नाही. १०० च्या आतली संख्या मूळ आहे का बघायला २, ३, ५, ७ ने भागून पाहिलं की पुरे.

बी-२०५: संख्या मोठ्या असतील तर अवयव पाडत बसू नका. ८४० ला ६६० ने भागा, बाकी १८०. ६६० ला १८० ने, बाकी १२०. १८० ला १२० ने, बाकी ६०. १२० ला ६० ने, बाकी शून्य. शेवटचा भाजक ६०. युक्लिडची रीत.

ए-१०१: काका, दोन संख्यांना ती झकास. तीन असल्या की मला अवयवच बरे वाटतात. गणपतीच्या प्रसादाचंच घ्या: ८४ मोदक, १२६ पेढे, २१० खारका.
८४ = २×२×३×७
१२६ = २×३×३×७
२१० = २×३×५×७
तिन्हीत २, ३, ७. पाकिटं ४२, प्रत्येकात २ मोदक, ३ पेढे, ५ खारका.
आणि ‘मसावि × लसावि = संख्यांचा गुणाकार’ हा ताळा दोनच संख्यांना लावायचा. इथे लावलात तर जुळणार नाही.

बी-४०२: मग १५४ टाइल्सची ऑर्डर देऊ?

बी-२०५: थांबा. गणितात सांधा नसतो, फरशीत असतो. २ मिमीचा स्पेसर (दोन टाइल्समध्ये फट ठेवायचा तुकडा) धरला तर लांबीत १३ सांधे, म्हणजे २६ मिमी. रुंदीत १०, म्हणजे २० मिमी. तेवढी शेवटची ओळ कापावीच लागणार, तो कापलेला काठ भिंतीकडे ठेवायला सांगा, स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाची पट्टी) झाकला जाईल. तुटफुटीसाठी दहा-बारा जास्त मागवा, आणि सगळे बॉक्स एकाच बॅचचे आहेत ना ते उतरवतानाच बघा. नंतर शेड जुळत नाही.