मदत हवी आहे: जुनी सेकंडहँड एटीव्ही (शेतवाटेवर चालणारी चारचाकी) नेमकी कुठली आणि करंट का येत नाही? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. मी करवीर तालुक्यातला. नदीकाठच्या मळीत आमचा अडीच एकर ऊस आहे. गावातून शेताकडे जायला पाणंद, आणि जूनपासून दिवाळीपर्यंत त्या पाणंदीत मोटारसायकल मडगार्डपर्यंत रुतते. आण्णा (माझे वडील, वय 68) आयुष्यभर ती वाट चालत गेले. दोन वर्षांपासून त्यांचा डावा गुडघा साथ देत नाही. पावसाळाभर ते घरात असतात आणि मी रानातून आलो की विचारत राहतात, पाणी कुठल्या सरीत तुंबलंय, पानांखाली लोकरी मावा दिसतोय का, बांध कुठं खचलाय. मला सगळ्यांची उत्तरं देता येत नाहीत. त्यांना जे एका नजरेत दिसतं ते मला दिसत नाही. त्यांना परत रानात नेता यावं म्हणून ही गाडी घेतली.

गाडी एका बंद पडलेल्या रिसॉर्टची. 38 हजारांना मिळाली. विकणाऱ्यानं सांगितलं, जपानी आहे, 250 सीसी, बॅटरी टाकली की सुरू होईल. पुढच्या प्लास्टिकवर खरंच एका जपानी कंपनीचं स्टिकर आहे. कागदपत्रं काही नाहीत, हातानं लिहिलेली पावती तेवढी आहे. नवी बॅटरी टाकली. सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. प्लग काढून हेडला टेकवून बघितला, करंट (प्लगची ठिणगी) अजिबात नाही.

गावातल्या दोन गॅरेजवाल्यांनी हात लावायला नकार दिला. "हिचं सामान मिळत नाही," एवढंच म्हणाले. तिसऱ्यानं इंजिन खोलायचे आठ हजार सांगितले, पण कुठलं इंजिन आहे हे त्यालाही सांगता आलं नाही. नाव कळल्याशिवाय खोलायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून इथं विचारतोय.

मला जे दिसलं ते लिहितो. इंजिन एकाच सिलिंडरचं, आडवं झोपलेलं, हवेवर थंड होणारं. डाव्या बाजूला खाली 152FMH असं कोरलंय आणि पुढं आकडे आहेत. चासी नंबर 17 अक्षरांचा, सुरुवात L नं, दहाव्या जागी 8. पुढचे टायर 19×7-8, मागचे 18×9.5-8. चेन 428. क्लचची मूठ नाही, डाव्या पायाला गियर, आणि रिव्हर्सचा दांडा वेगळा.

दोन गोष्टींची काळजी वाटते. एअर फिल्टरच्या डब्यात बोटभर गाळ निघाला, वाळलेला, अगदी मऊ. आणि ऑइल सोडलं तर दुधाच्या चहासारखं आलं. गाडी 2021 च्या पुरात होती का, असं विकणाऱ्याला फोन करून विचारलं, तर त्यानं विषय बदलला. मागची दोन्ही चाकं हातानं हलवली की खडखडतात.

मला विचारायचंय ते असं. ही गाडी नेमकी कुठली? सामान कुठलं बसेल? करंट नाही तर आधी काय तपासू? आणि पाणी गेलेलं इंजिन वाचतं का?

प्रतिसाद:

दादा, स्टिकर विसरा. गाडी जपानी नाही आणि 250 सीसीही नाही. 17 अक्षरी चासी नंबर L नं सुरू होतो म्हणजे गाडी चीनमध्ये बनलेली. जपानी असती तर J असतं, आपल्याकडची असती तर M. दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं, 8 म्हणजे 2008.

आता इंजिनचा नंबर वाचू. 1 म्हणजे एक सिलिंडर. 52 म्हणजे बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास), मिलिमीटरमध्ये. F म्हणजे हवेवर थंड होणारं, M म्हणजे मोटारसायकलचं, H म्हणजे 110 सीसीचा वर्ग. नेमका बोअर 52.4 आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) 49.5, हिशोब केला तर 107 सीसीच्या आत बसतं. तुमच्या गॅरेजवाल्यांना घाबरायचं कारण नव्हतं. हे मूळ होंडाच्या आडव्या इंजिनाचं चिनी रूप आहे आणि आपली जुनी स्प्लेंडर त्याच घराण्यातली. स्प्लेंडरचा बोअर 50, स्ट्रोक तोच 49.5. म्हणून पिस्टन स्प्लेंडरचा चालणार नाही, पण ज्याला स्प्लेंडर खोलता येते त्याला हे इंजिन खोलता येतं. चेन 428 आहे, ती तर कुठंही मिळेल. चिनी 110 चं सामान मागवताना ब्रँड विचारत बसू नका, 152FMH सांगा, आणि जुना भाग शेजारी ठेवून भोकं मोजून घ्या.

ऑइलबद्दल. हवेवरचं इंजिन आहे, त्याला रेडिएटर नाही. मग ऑइलमध्ये आलेलं पाणी बाहेरूनच आलं, म्हणजे पुराचंच धरा. आधी सेल्फ मारणं बंद करा. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, मॅग्नेटचं झाकण काढून नट पान्ह्यानं हळूहळू फिरवा. कुठं अडकतंय असं वाटलं तर जोर लावू नका. मोकळं फिरलं तर मोटारसायकलचं साधं 20W-40 भरा, हातानं फिरवा, सोडा, परत भरा. रंग साफ होईपर्यंत. कारचं ऑइल घालू नका, आत क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरायला लागेल.

करंटसाठी लगेच कॉइल घ्यायला पळू नका. या गाड्यांना इंजिन बंद करायची दोन-तीन स्विचं असतात. हँडलवरचं लाल बटण, मागं दोरी ओढून बंद करायचं स्विच, काहींना रिमोट. रिसॉर्टवर पोरांना चालवायला देतात म्हणून ती ठेवलेली असतात. या सगळ्यांतून एकच वायर सीडीआयकडे (प्लगला करंट पाठवणारा छोटा डबा) येते, बहुतेक काळ्यावर पांढरी रेघ असलेली. ती अर्थ झाली (गाडीच्या बॉडीला टेकली) की करंट बंद. पुराचा गाळ स्विचमध्ये बसला असेल तर ती कायमच अर्थ होऊन बसली असेल. सीडीआयजवळ ती एकटी वायर सोडा आणि बघा. तरीही करंट नसेल तर मल्टीमीटर घ्या. मॅग्नेटमधल्या चार्जिंग कॉइलला काही शे ओहम दिसायला हवेत, पिकअप कॉइलला (ठिणगीची वेळ सांगणारी) साधारण शंभर ते दोनशे. काहीच दिसलं नाही तर कॉइल तुटलेली आहे.

मागची खडखड एक्सलच्या बेअरिंगची वाटते. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचा, तोच नंबर मागा. बेअरिंग बसते ती जागाच झिजली असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा. तिथं लेथवाल्याला एक्सल हातात दिला की भर टाकून टर्निंग करून देतो. ऑइल इंजिनची कामं करत वाढलेलं गाव आहे, एवढं काम तिथं होतंच.

आणखी एका गोष्टीचं बोलायला हवं. ही गाडी चारही चाकांवर ओढत नाही, फक्त मागची दोन. मागचा एक्सल एकसंध आहे, दोन्ही चाकं बरोबरच फिरतात. त्यामुळं कडक जमिनीवर वळताना गाडी सरळ जायला बघते, आणि बांधावर तिरकी घेतली तर उलटू शकते. 68 वर्षांच्या माणसाच्या हाती द्यायची तर अंगठ्याच्या ॲक्सिलरेटरवर एक बारीक स्क्रू असतो तो आत घ्या, गाडी त्यापुढं पळत नाही. हेल्मेट पाहिजेच. आणि पासिंग नाही म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर एक फूटही नको.

धागाकर्ता, नऊ दिवसांनी:

तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. काळी-पांढरी वायर सोडली आणि प्लगवर निळा करंट आला. मी एकटाच होतो शेडमध्ये, मोठ्यानं ओरडलो. मग मागचं दोरीचं स्विच खोललं तर आत वाळलेला गाळ, आणि दोन्ही पट्ट्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या. नवं स्विच लावलं, वायर परत जोडली. ते बंद करायचं स्विच काढून टाकायचं नाही असं ठरवलंय, आण्णा पडले तर इंजिन थांबायलाच हवं.

ऑइल चार वेळा बदललं. तिसऱ्या वेळेपर्यंत चहाच येत होता. कार्बोरेटरचा पायलट जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) पूर्ण बंद होता, तांब्याच्या वायरच्या एका तारेनं मोकळा केला. पेट्रोलचा पाईप हातात घेताच तुकडे झाले, तो नवा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला गॅपच राहिला नव्हता, फीलर गेजनं 0.05 मिलिमीटर ठेवला, इंजिन गार असताना. काल संध्याकाळी सुरू झालं. मिनिटभर पांढरा धूर, मग साफ. आत्ता वीस मिनिटं बंद न पडता चालतं.

रस्त्याचंही बघितलं. आमची पाणंद एका ठिकाणी डांबरी रस्ता ओलांडते. म्हणून गाडी रस्त्यापलीकडच्या चुलत्यांच्या खोपीत ठेवणार. तिथपर्यंत आण्णांना मी मोटारसायकलवर सोडेन, पुढची सगळी वाट आमच्या भावकीच्या रानातूनच आहे. तिरका बांध एकच आहे, तो आधी सपाट करून घेतो.

एक अडचण राहिली, आणि ती मला आधीच सुचायला हवी होती. आण्णांना सीटवर बसवलं. ॲक्सिलरेटर, ब्रेक सगळं जमलं. पण गियर डाव्या पायाला, आणि त्यांचा दुखरा गुडघाही डावाच. टाचेनं दाबता येतं, चवड्यानं उचलता येत नाही. ते काही बोलले नाहीत, दोनदा प्रयत्न केला आणि उतरून मागच्या टायरची नक्षी बघत उभे राहिले.

गियरच्या दांड्याला वर सळई जोडून तो हातानं बदलता येईल असं कुणी केलंय का? सळई सरळ गियरच्या शाफ्टवर वेल्ड करायची की मधे जोड ठेवायचा? पायाला लागणार नाही अशी ती कुठून वर काढलीत? फोटो असेल तर टाका. शुक्रवारी एक्सल घेऊन उद्यमनगरात चाललोय, तेही तिथंच करून घेईन.