परदेशी सेवेला निघालोय, भक्ती टिकवायची कशी? (टांझानिया, दोन वर्षे)

नगरची_सिस्टर

जय ख्रिस्त. आधीच सांगते, सिस्टर म्हणजे नर्स. नवरा आहे, सहा वर्षांची मुलगी आहे. बारा वर्षं लेबर रूममध्ये काढली. जूनमध्ये आम्ही तिघं टांझानियाला निघतोय, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, मुसोमाच्या बाजूला एका मिशनच्या दवाखान्यात. पहिले चार महिने नुसतं स्वाहिली शिकायचं.

मंडळीत सगळे म्हणतात, "देवाच्या कामाला चाललात, देव जवळच असणार." मला तेवढी खात्री नाही. ओळखीतली एक जण चार वर्षं बाहेर सेवा करून आली आणि मला म्हणाली, "तिकडे मी प्रार्थना शिकवत होते गं, करत नव्हते." ते वाक्य डोक्यातून जात नाही.

माझी भक्ती म्हणजे पहाटे पाचला उठायचं, चहा ठेवायचा, आईच्या वेळचं पानं सुटलेलं गीतांचं पुस्तक काढून रेव्हरंड ना. वा. टिळकांची एक-दोन भजनं हळू आवाजात म्हणायची, वचन वाचायचं आणि साडेसहाची एसटी पकडायची. गुरुवारी बायकांची प्रार्थना. हे सगळं मराठीत आणि या स्वयंपाकघरात. इथून उचललं तर त्यातलं काय उरेल? नवरा म्हणतो, रविवारी झूमवर आपलीच उपासना लावू. तिकडचं घड्याळ अडीच तास मागे, म्हणजे आपली नऊची उपासना साडेसहाला, सोयीचं आहे.

जाऊन आलेल्यांनी खरं काय ते लिहा. "प्रार्थनेत राहा" एवढंच नको, ते सासूबाईपण सांगतात.

निर्मळचा_फादर

सासूबाईंना माझा नमस्कार. मी वसईचा, कॅथलिक. टांझानियात अकरा वर्षं होतो, बहुतेक सगळी सरोवराच्याच पट्ट्यात. आता गुडघे गेलेत म्हणून घरी.

ताई, पहिलं वर्ष वाईट जातं, हे आधीच धरून चला. मी इथे बऱ्यापैकी प्रवचनकार होतो, लोक वहीत लिहून घ्यायचे. तिथे भाषेच्या वर्गात चार वर्षांचं पोर झालो. शब्द ओळखीचे वाटतात, किताबू, हेसाबू, वकाती, दावा, दुकानाला दुका, गाडीला गारी, पण वाक्य जुळत नाही. विनोद करता येत नाही, कुणाचं सांत्वन करता येत नाही. संध्याकाळी डोकं इतकं शिणायचं की प्रार्थनेचं पुस्तक छातीवर ठेवून झोपायचो. मला वाटायचं, विश्वास गेला. फार उशिरा कळलं की इथल्या भक्तीत माझ्या वक्तृत्वाचा बराच भरणा होता, आणि तेवढाच भाग गळून पडला होता.

त्यात घड्याळ. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, 'सा मोजा'. पहिल्याच महिन्यात एका खेड्यात मला 'सा मोजा'ची मिस्सा (आमची कॅथलिक उपासना) सांगितली. मी आपला दुपारी एकला हजर. चर्चला कुलूप, बाहेर एक म्हातारा शेळ्या राखत बसलेला. तो म्हणाला, "पोले, फादर." त्या 'पोले'त सॉरीपासून 'अरेरे, दमलात हो'पर्यंत सगळं येतं. पुढे मी माझी सकाळची प्रार्थना त्यांच्याच दिवसाला बांधली. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळपास एकाच वेळी उगवतो, त्यामुळे गजर लागत नाही. तुमची पाचची वेळ तिथे कदाचित टिकणार नाही (रात्री वीज, बाळंतपणं, मलेरियाचे पेशंट, तुम्हाला मी काय सांगणार). वेळ गेली तर जाऊ द्या, दिवसातला पहिला तास धरा.

झूमबद्दल कडक बोलतो. पहिले सहा महिने लावू नका. मी मराठी मिस्सेच्या कॅसेट नेल्या होत्या. त्या ऐकून गावच्या मिस्सेला गेलो की तिथला ढोल बेसूर वाटायचा, तीन तास जड जायचे. शरीर तिकडे, कान वसईला. कॅसेट पेटीत टाकल्या तेव्हा कुठे तो ढोल ऐकू यायला लागला.

मग भक्तीला खायला काय, तर त्यांची जुमुइया. दहा-पंधरा घरांचा गट आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी अंगणात जमतो, शुभवर्तमान वाचतो, ज्याला जे सुचेल ते बोलतो. तुमच्या गुरुवारच्या बायकाच समजा. दवाखाना तुमच्या पंथाचा असेल तर तिथे नाव वेगळं असेल, पण अंगण शोधा. तिथे मी पाहुणा म्हणून खुर्चीवर बसायचो. एका आजीने म्हण ऐकवली, 'म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेम्बे.' पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. आणि मला प्रभूची प्रार्थना म्हणायला लावली. 'बाबा येतू', आमच्या बाबा. मी घरी वडिलांना बाबाच म्हणायचो. प्रार्थनेत मात्र आयुष्यभर 'हे स्वर्गातील पित्या'. त्या अंगणात माझा घसा दाटला, उच्चार चुकला म्हणून आजीने परत म्हणायला लावलं.

मराठी सोडा असं म्हणत नाही. आईचं पुस्तक नक्की न्या. पंडिता रमाबाईंचं आठवा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजच्या सिस्टर्सकडे (या नर्स नव्हेत, नन्स) राहून बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही, आणि क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नको, म्हणून भांडल्या. एक भजन, एकटीने, मराठीत. तेवढं पुरतं.

आणखी एक. देणगीदारांना दर महिन्याला पत्र लिहावं लागेल. त्यापासून जपा. मला अशी सवय लागली की बाप्तिस्मा होताना आधी फोटोचा कोन दिसायचा. तुमच्या मैत्रिणीचं वाक्य मला तिथलंच वाटतं. पुढे मी ठरवलं, आठवड्यातली सगळ्यात चांगली गोष्ट कुणालाच लिहायची नाही. अकरा वर्षांच्या त्या गोष्टी माझ्याकडेच आहेत.

जाता जाता, तळ्यातली सुकी मासळी, दागा, घ्याच. वासाने मला थेट नायगावच्या वाळवणावर नेलं होतं.

लुसाकाची_मुलगी

फादरनी सगळं मोठ्यांचं लिहिलं. मी तुमच्या मुलीकडून लिहिते. माझे आईवडील झांबियात मिशनच्या शाळेत होते, मी पाच ते चौदा तिथे वाढले. घरी पाहुणे असले की कौटुंबिक प्रार्थना पाऊण तास, नसले की पप्पा दमलेले. मुलांना हे लगेच कळतं. तुम्ही रोज दोनच मिनिटं करा, पण पाहुणे आले तरी दोनच.

आणि ती चार महिन्यांत तुमच्यापेक्षा छान स्वाहिली बोलेल. प्रार्थनेत भाषांची खिचडी करेल. तेव्हा तिचं मराठी सुधारायला जाऊ नका. माझी आई "आमेन"च्या आधीच व्याकरण काढायची, शेवटी मी तिच्यासमोर मनातल्या मनात प्रार्थना करायला लागले.

जुना_पाळक

यजमान तिकडे काय करणार ते लिहिलं नाहीत. विचारतो, कारण विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याची गोष्ट मंडळीत अर्धीच सांगितली जाते. १७९३ मध्ये ते बंगालला निघाले तेव्हा पत्नी डोरोथी आधी नकोच म्हणत होती. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला, तिचं मन ढासळलं ते १८०७ मध्ये वारेपर्यंत सावरलं नाही. त्याच काळात श्रीरामपूरच्या छापखान्यातून एकामागून एक भाषांतरं निघत होती, आपला मराठी नवा करारही तिथलाच, १८११चा. काम जोरात चालू असताना घरातलं कोण गप्प झालंय, हे कामावरच्या माणसाला दिसत नाही. तुमच्या घरी गप्प होणारं माणूस कोण, हे निघण्याआधी एकमेकांना विचारून ठेवा.

नगरची_सिस्टर

सगळ्यांचे आभार. फादर, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कॅथलिक असून बरं लिहितो." राग मानू नका.

पाळकसाहेब, यजमान इलेक्ट्रिशियन आहेत, जनरेटर आणि पाण्याचे पंप बघणार. काल रात्री तुमचा प्रश्न विचारला. मला वाटलं होतं मुलीचं नाव घेतील. म्हणाले, "मी." झूमची सोय माझ्यासाठी नव्हतीच, त्यांच्यासाठी होती. तबला ते रविवारीच वाजवतात आणि तेवढंच त्यांना बोलता येतं. तर झूम बंद, तबला बरोबर, वजनात बसवायचा आहे. दुसरं काहीतरी काढू.

फादर, ते दागा तळायचे की रस्सा?

निर्मळचा_फादर

सासूबाईंवर राग कसला. आधी कोरडे भाजा, डोकी काढा, मग कांदा-टोमॅटोत. मसाला इथून न्या, दोन वर्षांचा. तबल्याचं ऐकून बरं वाटलं, तिथले ढोलवाले त्यांना सोडणार नाहीत.